उमाबाईंच्या पंगतीत बिल्ला चालत नाही

लातुरात उमाबाईंच्या खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसणाऱ्या पोराचं बोट हमखास टेबलाच्या भोकात जातं. प्रत्येक टेबलाला अशी भोकं आहेत. नवं पोरगं विचारतं, "मावशी, ही भोकं कशाची?" उमाबाई म्हणतात, "मशीनची. तू आमटी घे अगोदर, गार व्हायली."

मशीन म्हणजे टाइपरायटर. ट्युशन एरियाच्या मागच्या गल्लीत आज जिथं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली पोरं वांग्याची भाजी चिवडत बसतात, तिथं एके काळी मल्लिनाथसरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. मल्लिनाथ म्हणजे उमाबाईंचे यजमान. सरकारी नोकरी पाहिजे तर टायपिंगची परीक्षा पास पाहिजे, असा तो काळ होता. पोरं जोशात येऊन मशीन ढकलायची, म्हणून सरांनी ती टेबलांना स्क्रूनं आवळून टाकली होती. मी स्वतः तिथंच बोटं मोडून घेतली आणि बँकेत चिकटलो. त्यामुळे सरांना मी आजही उभं राहून नमस्कार करतो, आणि उमाबाई मला शरणप्पा भाऊजी म्हणतात.

पुढं कॉम्प्युटर आला. आधी एकदोन पोरं कमी झाली, मग बॅच रिकाम्या जाऊ लागल्या. सर मात्र रोज सकाळी इन्स्टिट्यूट उघडायचे, मशीनवरच्या खोळी काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि संध्याकाळी परत खोळी घालायचे. कुणी काही बोललं की म्हणायचे, "हे फॅड हाय. जाईल." फॅड गेलं नाही. सरच खुर्चीत बसल्या बसल्या म्हातारे दिसू लागले.

उमाबाईंनी एक दिवस पेचकस हातात घेतला आणि एकेक स्क्रू स्वतः सोडवला. मशीनं माळ्यावर गेली. सर ओरडले, "सगळं संपलं म्हण की मग!" त्या म्हणाल्या, "मशीनं गेली. टेबलं हायत की." दुसऱ्या दिवशी त्याच टेबलांवर ताटं मांडली. गल्लीतल्या लोकांना विषय मिळाला. मास्तरची बायको भाकऱ्या विकते म्हणे! एका बाईनं हे तोंडावर बोलून दाखवलं, तेव्हा उमाबाईंनी तिला विचारलं, "भाकरीला काय झालं? तुमच्या घरी काय दगड खातेत का?" ती बाई पुढं तिच्या पोराचा डबा इथूनच नेऊ लागली.

एक गोष्ट मात्र मी नीट पाहिली आहे. खानावळीच्या पाटीवर नाव आहे 'मल्लिनाथ भोजनालय'. पहाटे उठून कणीक मळणार बाई, भाजीबाजारात घासाघीस करणार बाई, पाटीवर नाव सरांचं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "वहिनी, हा अन्याय हाय." तर म्हणाल्या, "जागा त्यांची, टेबलं त्यांची, नाव त्यांचं. माझी फक्त आमटी." सर कूपन घ्यायच्या टेबलाशी बसू लागले. पोरं त्यांना 'सर' म्हणतात, कारण उमाबाई पहिल्याच दिवशी दम देतात, "ते मॅनेजर न्हाईत, सर हायत." असं करत करत त्या माणसाची मान परत वर आली.

त्यांची दोन लेकरं, दोघंही इंजिनिअर. थोरला संगमेश सिव्हिल करून नांदेडला एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात लागला. धाकटी दामिनी कॉम्प्युटरवाली. तिची कंपनी पुण्यात, पण ती काम करते खानावळीच्या वरच्या खोलीत बसून. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं, त्यातल्या चुका हुडकायच्या, हे तिचं काम. उमाबाईंना ते फार आवडायचं. "चुका काढायचा पगार मिळतो, तर मला किती मिळाला पाहिजे!" असं त्या सरांकडं बघून म्हणायच्या.

मागच्या वर्षी दामिनी जेवताना गप्प गप्प राहू लागली. एका दुपारी माझ्यासमोरच तिनं आईला सांगितलं, "आई, माझं काम आता एआय करायलंय. चुका तेच हुडकतं, रिपोर्टबी तेच लिहितं."

"मग तू काय करतीस?"

"त्यानं बरोबर केलं का ते बघते."

"मग घाबरतीस कशाला? मीबी बायका ठेवल्यात स्वयंपाकाला. आमटी त्या करतेत, चव मीच घेते."

दामिनी हसली नाही. म्हणाली, "चव घ्यायला एकच माणूस लागतो, आई. आम्ही आठ-दहा जण होतो. आता तिघं हाव."

 उमाबाईंनी लेकीच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "तुला काय वाटतंय?" दामिनी म्हणाली, "मी शिकायलेय त्याच्याकडून काम करून घ्यायला. जमंल असं वाटतंय. पर खात्री न्हाई." उमाबाई म्हणाल्या, "खात्री मला सकाळच्या दुधाचीबी नसती." तो विषय तिथंच राहिला.

याच सुमारास नांदेडचं स्थळ आलं. मुलगा मृत्युंजय, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, विजेची उपकेंद्रं उभारायच्या कामावर. वडील नाहीत, आई नागम्मा देगलूरकडची, नांदेडात तरोडा नाक्याजवळ राहणारी, कडक. पोरं दोनदा भेटली, फोनवर बोलत राहिली. दामिनीच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की पोरगी मनानं नांदेडला पोचली आहे. नागम्मांचा होकार तेवढा राहिला होता. त्यांनी निरोप धाडला, "समाजाच्या मेळाव्याला येऊन राहिलो, तिथंच चारचौघांत बोलू."

आमचा वधू-वर परिचय मेळावा दरवर्षी लातुरात औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात भरतो. सूत्रसंचालन माझ्याकडं, कारण माईक बघून मला घाम फुटत नाही. जेवण उमाबाईंकडं. अध्यक्ष शिवलिंगअप्पा, गंजगोलाई बाजारातले अडत दुकानदार. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती बाहेर काढायला भुलीचं इंजेक्शन लागतं.

यंदा कल्पना शिरली ती एका व्याख्यानातून. ट्युशन एरियात एका सरांनी बारावीच्या पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं. एआय आल्यावर कुठली इंजिनिअरिंगची शाखा टिकेल, कुठली बुडेल, ते त्यांनी पडद्यावर रंगांत दाखवलं. कॉम्प्युटर आणि आयटी तांबडं, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स पिवळं, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल हिरवं. व्याख्यानवाल्या सरांनी ते सांगितलं कॉलेजच्या प्रवेशासाठी. शिवलिंगअप्पांनी ते थेट लग्नाला लावलं. मेळाव्याच्या सकाळी दारातच टेबल मांडून ते इंजिनिअर पोरापोरींच्या छातीवर त्या त्या रंगाचे बिल्ले टोचत उभे होते.

मी म्हटलं, "अप्पा, हे काय चाललंय? माणसं हायत का सिग्नल?"

"पालकांची सोय, शरणप्पा. प्रत्येकाला कुठं समजतंय कुठल्या शाखेचं काय होणार? रंग बघितला की कळलं!"

"डॉक्टरांना कुठला रंग?"

"डॉक्टरांना कोण हात लावणार?"

"आणि अडत्यांना?"

अप्पा माझ्याकडं बघून पुढच्या पोराला बिल्ला टोचायला लागले. मला खरं तर तिथंच माईक टाकून घरी जावंसं वाटलं होतं. स्टेजवर महात्मा बसवेश्वरांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. चांभार, धोबी, नावाडी आणि राजाचे मंत्री ज्यांनी एका मंडपात शेजारी शेजारी बसवले, कुठलंच काम हलकं नाही असं ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांच्याच फोटोखाली आम्ही कामाला रंग लावत होतो. राग आला, फार आला. मी गेलो नाही, कारण दामिनीचं नाव यादीत होतं आणि ते दुसऱ्या कुणी पुकारावं असं मला वाटत नव्हतं.

बिल्ल्यांनी सकाळभर जी मजा केली ती सांगायलाच पाहिजे. उदगीरचा एक मेकॅनिकलवाला पिवळा बिल्ला घेऊन भांडायला आला, "काका, मी कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. ती बिघडली की लोळून खाली मीच शिरतो. माझा मित्र कॉम्प्युटरवर नुसते पार्टचे आराखडे काढतो, त्याचं काम अर्धं गेलं. दोघांलाबी पिवळाच?" मी म्हटलं, "अप्पांना विचार, अर्धा हिरवा मिळतो का." मग आपला संगमेश आला. हिरवा बिल्ला त्यानं खिशात घातला होता.

"काका, हे हिरवं कोणी ठरवलं? मी ऑफिसात बसून अंदाजपत्रकं करायचो. आता नकाशा टाकला की विटा, सळई, सिमेंट सगळं मोजून बाहेर. मला साइटवर धाडलंय. नांदेडचं ऊन खाऊन राहिलो." त्यानं बाही वर करून हात दाखवला. मनगटापासून खाली चांगलाच काळवंडला होता. "साइटवरचं काम टिकंल, ते खरं हाय. पर मी सिव्हिलच व्हतो की आधीबी! शाखा तीच, टेबल गेलं आणि ऊन आलं."

मृत्युंजयच्या छातीवर हिरवा बिल्ला होता, त्याच्या आईनं स्वतः सरळ करून लावलेला. तो मला म्हणाला, "काका, आता ट्रान्सफॉर्मर स्वतःच कळवतो कुठं तापलाय ते. पूर्वी ते हुडकायला आमची चार माणसं फिरायची. चढायला अजून माणूस लागतो, म्हणून मी हिरवा." पोरगा सरळ बोलला, मला आवडला.

दामिनीचं नाव मी पुकारलं. ती स्टेजवर आली ती तांबडा बिल्ला लावून. मला वाटलं होतं काढून येईल. तिनं माईक घेतला. "मी दामिनी मल्लिनाथ. कॉम्प्युटर इंजिनिअर. सॉफ्टवेअर तपासते. आमच्या टीममधली बरीच माणसं कमी झाली, कारण त्यांचं काम एआय करतं. मी राहिलेय. पुढच्या वर्षी राहीन का, मला माहीत नाही. नाही राहिले तर दुसरं काहीतरी शिकेन. लपवायचं काही नव्हतं, म्हणून बिल्ला काढला नाही." एवढं बोलून ती खाली उतरली. टाळ्या वाजल्या नाहीत. 

मी नागम्मांकडं पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईला काहीतरी सांगितलं. मग त्या उठून उमाबाईंकडं गेल्या. उमाबाई जेवणाच्या मंडपात हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पातेल्यापाशी उभ्या होत्या. मीही मागं गेलो, कारण चांगलं काही होणार नाही हे दिसत होतं.

"उमाअक्का, शरणू शरणार्थी," नागम्मांनी आमच्या समाजाचा नमस्कार घातला. "पोरगी चांगली हाय. पर आम्ही जरा थांबतो म्हणून राहिलो."

"कशाला?"

"त्या पोरीनं स्वतःच सांगितलं की. आणि रंगबी दिसला चारचौघांला. उद्या लोक मला विचारतील, हिरव्या पोराला तांबडी पोरगी केली."

उमाबाईंनी पळी पातेल्यात ठेवली.    त्यांनी मला म्हटलं, "भाऊजी, तुमचा माईक चालू हाय का?"

जेवणाची पंगत बसत होती. पत्रावळी मांडल्या होत्या, शेंगाची चटणी वाढून झाली होती. उमाबाईंनी माईक हातात घेतला. बिल्ल्यांविषयी कुणी भाषण करील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती, त्यांचीही नसावी.

"मी उमाबाई. आज जेवण माझ्याकडं हाय. छातीवर बिल्ला आसंल त्यानं काढावा, मग पंगतीला बसावं. बिल्ल्यावाल्याला मी वाढणार न्हाई."

पहिल्यांदा लोक हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. उमाबाईंनी वाढपी बायकांना हात केला. बादल्या खाली ठेवल्या गेल्या. आमटीची वाफ तशीच निघत राहिली. मग हसू थांबलं.

शिवलिंगअप्पा धावत आले. "उमाअक्का, समाजाचा कार्यक्रम हाय! जेवण समाजानं सांगितलंय. लोक भुकेले हायत!"

"मग काढा म्हणावं की. वजन किती हाय त्या बिल्ल्याचं?"

"पालकांची सोय..."

"अप्पा, तुमच्या अडतीत उद्या मशीननं भाव काढला तर तुमच्या छातीवर मी कुठला रंग लावू? माझ्या खानावळीला कुठला लावता? आम्हाला रंगच दिला न्हाई तुम्ही. आम्ही टिकणार म्हणून का आम्ही मोजण्यातच न्हाई म्हणून?" मग त्यांनी स्टेजकडं हात केला. "त्या फोटोला हार घातलाय ना? मग त्यांच्याम्होरं तरी लाजा."

 पहिला बिल्ला काढला तो उदगीरच्या मेकॅनिकलवाल्यानं. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. काही आयांनी स्वतः पोरांचे काढले, चोरून, जणू आधीपासूनच नको होते. सगळी पंगत बसली. बादल्या उचलल्या गेल्या. उभे राहिले फक्त दामिनी, नागम्मा आणि मृत्युंजय. त्याचा हात बिल्ल्याकडं गेला होता, पण नागम्मांनी त्याचं मनगट धरलं होतं.

"बिल्ला काढल्यानं काय होतंय?" नागम्मा मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाई घाबरणारी नव्हती, हे मान्य केलंच पाहिजे. "मी विधवा बाई हाव. माझं एकच पोरगं. बिल्ला खरा का खोटा मला समजत न्हाई, पर पोरीनं सांगितलं ते खरं हाय. उद्या हिची नोकरी गेली तर? नोकरी गेलेलं माणूस घरात कसं आसतंय, ते कुणाला माहीत हाय का इथं?"

प्रश्न खरा होता. उमाबाईंनी काही बोलायच्या आत, इथंही जेवणाच्या कूपनांच्या टेबलापाशी बसलेले मल्लिनाथसर उठले. सर मेळाव्यात कधी बोलत नाहीत. इन्स्टिट्यूट बंद पडल्यापासून चारचौघांत बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी माईकही घेतला नाही.

"मला माहीत हाय," सर म्हणाले. "माझी गेली होती. मशीननंच गेली. मी रिकाम्या खोलीत बसून मशीनं पुसायचो, आणि घरी येऊन हिच्यावर ओरडायचो. तसं आसतंय ते माणूस."  "पाटीवर अजून माझं नाव हाय. पोरं मला अजून सर म्हणतेत. नागम्माक्का, हिनं मला एक दिवसबी बिल्ला लावला न्हाई. माझी पोरगी हिच्या पोटची हाय. तुमच्या पोराची नोकरी गेली तर तीबी लावणार न्हाई. एवढंच मला सांगायचंय."

उमाबाईंनी सरांकडं पाहिलं आणि पटकन मान खाली घालून पदरानं डोळे पुसले. मी त्या बाईला चुलीच्या धुराशिवाय कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. दामिनी पंगतीच्या टोकाला उभी होती. ती जागची हलली नाही, पण मृत्युंजय तिच्याकडंच बघत होता.

"अव्वा, सोड की हात," तो हळू म्हणाला.

नागम्मांनी हात सोडला. मग त्यांनीच त्याच्या शर्टाची टाचणी काढली, बोटाला टोचली तरी काढली, आणि तो हिरवा बिल्ला हातात घेऊन त्या उमाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"हे कुठं टाकू? चुलीत?"

"चुलीत नको," उमाबाई म्हणाल्या. "प्लास्टिक हाय, हुग्गीला वास लागंल. अप्पांकडं द्या, त्यांनीच आणलेत."

अप्पांनी हात पुढं केला. नागम्मा पंगतीत बसल्या आणि शेजारची पत्रावळ त्यांनी हातानं सरळ केली. "पोरी, उभी काय राहिलीस? इथं बस," त्या दामिनीला म्हणाल्या. दामिनीनं आपला तांबडा बिल्ला काढून बापाच्या हातात दिला आणि जाऊन बसली. उमाबाई पातेलं घेऊन आल्या. त्यांनी नागम्मांना हुग्गी वाढली आणि वरून तूप सोडलं ते नागम्मा "बास, बास" म्हणेपर्यंत.